नेतृत्व : असमाधानकारक

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. काही राग जातच नाहीत. त्यातला एक आज लिहून काढायचा आहे. संपादकांनी माझ्याकडे स्काऊटच्या कामातले अनुभव मागितले, तेव्हा त्यांच्या मनात शेकोटी, गाणी, तंबू असं काही असणार. ते सगळं होतं. पण निवृत्त झाल्यावर तंबू शाळेत राहतात आणि माणूस घरी येतो. माझ्याबरोबर घरी आले ते एका मुलाच्या नावापुढे लिहिलेले दोन शब्द. ते या लेखाच्या वर आहेतच.

मी आष्ट्याच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक होतो. मूळचा म्हसवडकडचा. आमचं घर मेंढरांमागचं. पावसाळा सरला की वडील कळप घेऊन पश्चिमेला निघायचे आणि बागायतदारांच्या रानात मेंढरं बसवायचे. मेंढरं रात्रभर रानात बसली की लेंडीचं खत पडतं, त्याच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो. किती रात्री बसायचं, किती धान्य घ्यायचं, हे बांधावर उभं राहून ठरायचं. ते ठरवणं मी वडिलांकडे बघून शिकलो. पुढे वसतिगृहात राहून शिकलो ते सुट्टीत बकऱ्यांच्या बाजारात दलाली करून. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभं राहायचं, दोघांनाही आपण फसलो असं थोडंथोडं वाटू द्यायचं आणि सौदा जुळवायचा. मला कुणी हात धरून वर आणलेलं नाही, हे मी अभिमानाने सांगतो, आणि जरा जास्त वेळा सांगतो, असं माझी बायको म्हणते.

हेडमास्तरांनी माझ्याकडे स्काऊट पथक दिलं ते माझं चारित्र्य बघून नव्हे. शिबिराला बांबू लागतात, दोर लागतो, टेंपो लागतो, आणि शाळेकडे त्यासाठी काही नसतं. वखारवाल्याशी बोलून मी नव्या बांबूंच्या भावात जुने घेऊन येणार नाही, एवढी त्यांची खात्री होती. खरं तर मी जुन्यांच्या भावात नवे आणायचो. वखारवाला मला लांबून बघितलं की मागच्या दाराने जेवायला जायचा.

बाहेरच्या माणसाला वाटतं, स्काऊट म्हणजे गळ्यात स्कार्फ, हातात काठी आणि पंधरा ऑगस्टला संचलन. ते वरवरचं आहे. खरं काम वेगळं असतं. पथकातली मुलं सहा-सहा, आठ-आठच्या गटांत वाटलेली असतात. त्या गटाला संघ म्हणतात. प्रत्येक संघाचा एक संघनायक, तोही त्यांच्यातलाच, त्यांच्याच वयाचा. स्काऊटमास्तरने सगळ्या मुलांना शिकवायचं नसतं. त्याने संघनायकांना शिकवायचं आणि संघनायकांनी आपापल्या पोरांना. मधल्या वेळात मास्तरने खिशात हात घालून उभं राहायचं. वाचायला हे सोपं वाटेल. समोर तंबूची खुंटी उलट्या बाजूला तिरकी ठोकली जाते आहे, रात्री वारा आला की तंबू जाणार हे दिसतं आहे, आणि आपण गप्प राहायचं. ज्याने आयुष्यभर बोलून पोट भरलं, त्याला हे किती जड जात असेल, याचा विचार करा.

संघनायकांची एक सभा असते, तिला मानसभा म्हणतात. पथकात कुणी चुकलं, काही भांडण झालं, काही मोठं ठरवायचं असलं की ती बसते. तिथे स्काऊटमास्तर बसतो, पण विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि तिथे बोललेलं बाहेर सांगितलं जात नाही. हा नियम मी पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचो आणि मग प्रत्येक सभेला जीभ चावत बसायचो.

नेतृत्व शिकवायचं म्हणजे काय, हे मला विक्रमने शिकवलं. विक्रम उसाच्या घरचा, वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्याला संघनायक केलं तेव्हा त्याने पहिल्या दिवशी आपल्या संघाला एका रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाचे बूट तपासले. जो चुकेल त्याला कोंबडा करायचा. हुकूम स्वच्छ, आवाज खणखणीत. बघणाऱ्याला वाटावं, याच्याइतका नायक दुसरा नाही. पण पहिल्या शिबिरात माझ्या लक्षात आलं की सगळी कामं विक्रमच करतो आहे. चूल त्याने पेटवली, तांदूळ त्याने धुतले, बाकीचे सात जण सावधान उभे. कुणी हात लावायला गेलं की हा म्हणायचा, तुला जमायचं न्हाई, हो बाजूला.

मी ओरडलो नाही, हे माझं मलाच नवल वाटतं. मी फक्त दुसऱ्या दिवसापुरता एक नियम काढला. संघनायकाने कुठल्याही भांड्याला, काटकीला हात लावायचा नाही, तोंडाने हुकूमही द्यायचा नाही, कुणी विचारलं तरच सांगायचं. विक्रम दिवसभर हात मागे बांधून पिंजऱ्यातल्यासारखा फिरला. भात खाली करपला, वर कच्चा राहिला. मी तो पानावर घेऊन सगळा खाल्ला आणि त्यालाही खायला लावला. संध्याकाळी त्याच्या संघातला सगळ्यात लहान मुलगा त्याच्याकडे आला आणि पाणी किती घालायचं ते विचारू लागला. विक्रमने खाली बसून त्याला बोटांच्या पेरांवर ते दाखवलं. त्या दिवसापासून त्याच्या संघात कुणी कोंबडा झाला नाही.

आता बिरू.

बिरू आमच्याकडचाच. त्याचे वडील अजून मेंढरं राखतात. शिक्षणासाठी त्याला आष्ट्यात मामाकडे ठेवलं होतं. बोलणं कमी, अंगाने काटक. त्याच्या संघाचं नाव टिटवी. संघांना पशुपक्ष्यांची नावं असतात. वाघ आणि गरुड विक्रमने आणि तिसरा संघनायक सलीम याने आधीच पटकावले होते, म्हणून उरलेल्या नावांतून बिरूने टिटवी घेतली. पोरं हसली. त्यावर तो म्हणाला, आमच्या माळावर रातचं कोन आलं-गेलं ते तीच सांगती.

या संघाची एक सवय मला पहिल्या पायी सहलीतच दिसली. संघ चालताना सगळे संघनायक पुढे असतात, तसं पुस्तकातही आहे. बिरू सगळ्यात मागे. पुढे त्याचा उपनायक नकाशा घेऊन, मध्ये पोरं, आणि शेवटी बिरू. मी काही बोललो नाही. मला त्यामागचं कारण ठाऊक होतं. आमच्यात कळप वाटेने निघाला की पुढे एखादं पोरगं चालतं, कारण पुढच्याला फक्त वाट माहीत असली की झालं. जाणता माणूस मागे असतो. लंगडं मेंढरू, नुकतीच व्यालेली मेंढी, उसाच्या फडात घुसू बघणारा मेंढा, सगळं त्याच्या नजरेखाली असतं. थकलेलं कोकरू झोळीत घेणारा तोच. माझे वडील जन्मभर मागे चालले आणि त्यांना त्या वाड्याचा कारभारी म्हणत. आमच्याकडे घरं घेऊन फिरणाऱ्या कळपाच्या तांड्याला वाडा म्हणतात. कारभारी म्हणजे त्याचा प्रमुख. त्याच्या शब्दावर सगळ्यांची चूल पेटायची.

मी बिरूला एकदा सहज विचारलं होतं, तू पुढे का नाही चालत. तो म्हणाला, "पुढनं काय दिसतंय सर? निस्ती वाट."

टिटवी संघात गणू नावाचा मुलगा होता. त्याला दमा. खिशात औषधाचा पंप असायचा. घरच्यांनी त्याला स्काऊटमध्ये पाठवायचं नाही म्हणून ठरवलं होतं. तो रडून, न जेवून आला होता. चढ लागला की थांबायचा, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकायचा, पंप ओढायचा आणि पुन्हा निघायचा. त्याची पिशवी कुणी घ्यायला गेलं तर तो द्यायचा नाही. बिरू त्याच्यामागे चार हात अंतर ठेवून चालायचा. गणू थांबला की हाही थांबायचा, पण तोंड दुसरीकडे करून. झाड बघतोय, चपलेचा पट्टा ओढतोय, असं काहीतरी. गणूला कधी असं वाटू दिलं नाही की कुणी त्याच्यासाठी खोळंबलं आहे.

लोणंदच्या बाजूला एका माळावर सातारा आणि सांगली दोन्हीकडच्या पथकांचं चाचणी शिबिर भरलं. राज्य पुरस्काराची चाचणी. पुरस्कार मिळाला की दहावीला वाढीव गुण मिळतात. बिरू दहावीत होता. त्याला सरकारी कॉलेजात डिप्लोमाला जायचं होतं, आणि त्याचे गुण नेहमी काठावर असायचे. खासगी कॉलेज त्याच्या घराला झेपणारं नव्हतं. म्हणजे ते वाढीव गुण त्याच्यासाठी शोभेचे नव्हते. गणू नववीत होता. त्याचीही तीच चाचणी होती.

चाचणीत एक लांब पदभ्रमण असतं. संघाला नकाशा देतात, वाटेत नाके असतात, प्रत्येक नाक्यावर परीक्षक बसलेला असतो. संघनायकाने पुढे येऊन सलाम करायचा आणि संघाची हजेरी सांगायची. निघण्याआधी शिबिरप्रमुखांनी सगळ्या संघनायकांना बोलावून सांगितलं की संघनायक कायम आघाडीवर राहील. बिरूने ते ऐकलं होतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे अनेकांनी मला सांगितलं की त्याला नियम कळला नसेल. त्याला कळला होता.

मास्तरांना मुलांबरोबर जायची परवानगी नसते. आम्ही माळावर बसून राहिलो. दुपार चढली तसे संघ परत येऊ लागले. एका शाळेचा संघ सगळ्यांच्या आधी आला, संघनायक छाती काढून पुढे. थोड्या वेळाने त्या संघातली दोन मुलं कडब्याच्या टेंपोतून उतरली आणि हळूच रांगेत शिरली. त्यांच्या संघनायकाला ती गेल्याचंही माहीत नव्हतं आणि आल्याचंही. टिटवी संघ उशिरा, पण वेळेच्या आत आला. पुढे उपनायक, मध्ये पोरं, मग घामाने निथळलेला गणू, स्वतःची पिशवी स्वतःच्या पाठीवर. त्याच्यामागे बिरू.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर निकाल लागला. टेंपोवाल्या संघाच्या नायकाला नेतृत्वात पैकीच्या पैकी. तो पुढेच होता. बिरूच्या नावापुढे, नाक्यांवर हजेरी उपनायकाने दिली, संघनायक आघाडीवर नव्हता, असा शेरा, आणि खाली नेतृत्व असमाधानकारक. इतर सगळ्यात तो उत्तम होता. पण नेतृत्वात नापास म्हणजे चाचणीत नापास.

मी शिबिरप्रमुखांच्या तंबूत गेलो. हे गृहस्थ मोठे नावाजलेले, बोलायला गोड, इस्त्रीची घडी कधी न मोडणारे. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. मी त्यांना काय बोललो तेही लिहिण्यासारखं नाही. तंबूबाहेर चहाला आलेले मास्तर आपापले कप घेऊन लांब जाऊन उभे राहिले. टेंपोचं मी सांगितलं, तर ते म्हणाले, कुणा परीक्षकाने पाहिलं का. कळपाचं सांगितलं, तर ते हसून म्हणाले की मुलं ही मेंढरं नव्हेत. तिथे माझा हात उठायचाच राहिला होता.

पण रागावणं हा सौद्याचा पहिला भाग असतो, दुसरा भाग थंड होण्याचा. मी बसलो. पाणी मागितलं. त्यांनाही माझ्यासारखा माणूस शिबिर संपेपर्यंत तंबूबाहेर ओरडत राहायला नको होता. हळूहळू तेच वाटेवर आले. नियम मोडता येत नाही, म्हणाले, पण नियमाला कारण असू शकतं. संघातला एखादा स्काऊट वाटेत आजारी पडला असेल, त्याला सांभाळायला संघनायक मागे राहिला असेल, तर तो दोष नव्हे, ती सेवा. दुपारी निशाणापुढे सगळी पथकं जमतील तेव्हा मुलाने पुढे येऊन तसं सांगावं, मी शेरा काढून टाकतो, उलट शाबासकी देतो. मी विचारलं, आणि जो आजारी पडला त्याचं काय. ते म्हणाले, त्याचं पदभ्रमण धरता येणार नाही, त्याने पुढच्या वर्षी यावं.

मी मनातल्या मनात हिशेब मांडला. गणूला पुढचं वर्ष आहे. बिरूला नाही. एकाची वेळ मागे सरकते, दुसऱ्याचं आयुष्य पुढे सरकतं. माझ्या सगळ्या जन्मात मी याहून सरळ सौदा केला नाही. मी हात पुढे केला, त्यांनी हातात हात दिला.

अजूनही मला त्या हिशेबात चूक सापडत नाही.

बाहेर येऊन मी बिरूला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, मानसभा बोलवायची हाय." मी म्हणालो, यात सभा कसली. तो म्हणाला, संघातल्या मानसाचा इषय हाय.

माळाच्या कडेला एक लिंब होता. त्याखाली विक्रम, सलीम आणि बिरू गोल करून बसले. विक्रम सगळ्यांत जुना म्हणून तो सभा चालवायचा. मी नियमाप्रमाणे जरा बाजूला बसलो. बिरूने सौदा जसाच्या तसा सांगितला, त्यात स्वतःचं एक अक्षर घातलं नाही.

विक्रम आधी बोलला. "बिरू, घे गड्या. गण्या पुढच्या साली परत दील. तुला पुढचं साल हाय का?"

बिरू म्हणाला, न्हाई.

सलीम शांत मुलगा. सगळ्यांचं ऐकून शेवटी बोलणारा. त्याने सुचवलं की गणूलाच विचारू या, त्याचं तो सांगेल. मला ते पटलं. मी मनात म्हणालो, हा पोरगा पुढे बाजार समितीत जाणार.

"त्याला इचारलं तर त्यो व्हय म्हनंल," बिरू म्हणाला. "म्हनून इचारायचं न्हाई."

 मला राहवलं नाही. मी उठलो आणि बोलायला लागलो. अरे लेका, तुझ्या बापाने तुला मामाच्या दारात कशासाठी ठेवलाय, एका शब्दाने काम होतंय, तो शब्दही निम्मा खराच आहे, त्याला दमा आहे की नाही, तो थांबला की नाही. मी आणखीही बोललो असतो. विक्रमने माझ्याकडे बघितलं. बापाकडून आलेला तो आवाज त्याने खाली ठेवला होता, पण तो विसरला नव्हता.

"सर, आमी तुमाला इचारल्यालं न्हाई."

मी खाली बसलो. मला कुणी असं खाली बसवलं आहे, ही माझ्या आठवणीतली एकच वेळ.

मग बिरू बोलला. तो तिघांशी बोलत होता, पण ते माझ्यासाठी होतं. "त्यो चालत आलाय. थांबत थांबत आला, पर चालत आलाय. म्या निशाणापुढं हुबा ऱ्हाऊन त्यो आजारी पडला म्हनलं, की त्यो चाललाच न्हाई असं हुतंय. आन समद्यांच्या म्होरं हुतंय."

सलीम गवताची काडी मोडत बसला होता.  विक्रम म्हणाला, हितं मत घ्यायचं न्हाई. त्येचा संघ हाय, त्येनं ठरवलं. सभा उठली.

मला पुन्हा त्या तंबूत जावं लागलं. बाजारात हातात हात दिल्यावर मी कधी सौदा मोडला नव्हता. तोट्यात गेलो, पण शब्द पाळला. इथे मी जाऊन सांगितलं की मुलगा तसं म्हणणार नाही. शिबिरप्रमुखांनी चष्मा पुसला आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "तुमची मुलं तुमचं ऐकत नाहीत वाटतं." त्यावर काय बोलायचं ते मला सुचलं, पण लोणंद स्टेशनावर, गाडीची वाट बघताना. तेव्हा त्याचा उपयोग नव्हता.

दुपारी निशाणाभोवती सगळी पथकं उभी राहिली. शिबिरप्रमुखांनी दार अजून उघडं ठेवलं होतं, एवढं मी त्यांच्या बाजूने लिहितो. त्यांनी बिरूचं नाव पुकारलं. तो पुढे गेला, सलाम केला. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं की पदभ्रमणात तू मागे राहिलास त्याला काही कारण होतं का. मी रांगेच्या कडेला उभा होतो. मला टिटवी संघ दिसत होता. गणू तिसरा होता, तोंड उन्हाने लाल, मान ताठ. त्याला काहीच कल्पना नव्हती.

बिरू म्हणाला, "कारन न्हाई सर. आठ गेलो, आठ आलो. मी मागं हुतो."

कुणीतरी हसलं. त्याला रांगेत परत जायला सांगितलं. मग उत्तीर्णांची नावं वाचली, त्यात गणूचं होतं. टिटवी संघाने टाळ्या वाजवल्या, आणि त्यात बिरूच्या टाळ्या मला वेगळ्या ऐकू आल्या, कारण त्याचे तळहात मेंढरं दाबून धरणाऱ्याचे, रुंद आहेत.

त्यानंतर मी गप्प बसलो असं कुणी समजू नये. मी अर्ज केले, सांगलीला खेटे घातले, साताऱ्याला घातले. एका साहेबांच्या दारात मी इतका ओरडलो की शिपायाने माझ्यासाठी लिंबू सरबत आणलं. सगळीकडे एकच उत्तर होतं, की मुलाला संधी दिली होती, त्याने कारण नाही असं स्वतः सांगितलं. दहावीत बिरूला जे गुण पडले ते डिप्लोमाला जरासे कमी पडले. वाढीव गुण असते तर पुरले असते. तो आयटीआयला गेला, फिटर झाला. आता लोणंदलाच एका कारखान्यात आहे. काम बरं आहे, लग्न झालं आहे, आणि मी दया करावी असं त्यात काही नाही. पण त्याला जिथे जायचं होतं ते हे नव्हे, आणि तिथे जाण्याची त्याची लायकी होती. हे मला माहीत आहे आणि माझा राग तिथेच बसलेला आहे.

त्या रागावर तेल ओतायचं काम पुढे शिबिरप्रमुखांनीच केलं. मी निवृत्त व्हायच्या जरा आधी साताऱ्यात शिक्षकांचं एक प्रशिक्षण होतं. मुलांमध्ये नेतृत्व कसं घडवावं, या विषयावर बोलायला हेच गृहस्थ. पडद्यावर चित्रं दाखवत होते. एका चित्रात रांगेने चालणारी मुलं होती, आणि ते सांगत होते की खरा नायक पुढे नसतो, तो मागे असतो, सगळ्यांत दुबळ्याच्या मागे. पुढून नुसती वाट दिसते, असंही म्हणाले. म्हणजे मी तंबूत ओरडून सांगितलेलं त्यांनी चांगलं लक्षात ठेवलं होतं. सभागृहात लोक लिहून घेत होते. मी उठलो तेव्हा खुर्ची पडली. सगळ्यांनी मागे वळून बघितलं. मी काही बोललो नाही. बोलायला गेलो असतो तर मला गणूचं नाव घ्यावं लागलं असतं. बाहेर जाऊन मी पायऱ्यांवर बसलो. टाळ्या झाल्या त्या मला तिथे ऐकू आल्या.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा माझ्यापुढे अडचण उभी राहिली. मानसभेतलं बाहेर सांगायचं नाही, हा नियम माझाच. म्हणून आधी विक्रमला विचारलं. तो आता वडिलांसारखाच फौजेत आहे. त्याने जवानासारखं एका शब्दात हो म्हटलं. सलीम म्हणाला, बिरूला विचारा, त्याचा विषय आहे. मग मी बिरूला फोन केला. तो कारखान्यातून सुटून घरी निघाला होता. मी त्याला सगळं सांगितलं, त्या व्याख्यानाचंही सांगितलं. मला वाटलं तो चिडेल. तो हसला आणि म्हणाला, त्यांना पटलं म्हनायचं मग.

मी म्हणालो, मला तो माणूस सोडायचा नाही, नाव घालून लिहितो. बिरू म्हणाला, त्यांचं नाव नको, माझं घाला न्हाईतर ऱ्हाऊ द्या, काय फरक पडत न्हाई. पर गण्याचं बदला. त्याला अजून म्हाईत न्हाई.

मी कबूल केलं. म्हणालो, नाव बदलतो.

"आजारबी बदला," तो म्हणाला.

इथे मी माझ्या सवयीवर गेलो. म्हणालो, अरे, आजार बदलला तर गोष्ट लंगडी पडते, वाचणाऱ्याला काही कळायला पाहिजे, निदान तेवढं तरी ठेवू दे. नाव बदलल्यावर कोण ओळखतंय. तसल्या आजाराची पोरं गावोगाव असतात. मी बराच वेळ त्याला पटवत राहिलो. 

शेवटी तो म्हणाला, "बदला म्हनलं न्हवं सर."

म्हणून बदलला आहे. गणू नावाचा मुलगा टिटवी संघात नव्हता आणि त्याला दमाही नव्हता. दुसरं नाव होतं आणि दुसरंच काहीतरी होतं. वाचणाऱ्यांनी शोधू नये. एवढं लिहून झाल्यावर मी पुन्हा फोन करून ते बिरूला वाचून दाखवलं आणि जरा चिडूनच विचारलं, की इतकं सगळं काढून टाकल्यावर आता खरं म्हणून यात राहिलं तरी काय.

तो म्हणाला, "त्यो चालत आला. त्येवढं ऱ्हाऊ द्या."